म्युस्काडेला ताट लागतं

नाँत, डिसेंबर

प्रिय सुमे,

जावयाने कौतुकाने आणलेली फ्रेंच पांढरी वाईन तुला 'आंबट पाणी' वाटली, हे वाचून खूप हसले. बाटलीवर म्युस्काडे लिहिलं होतं ना? मग तुझ्या जिभेचा दोष नाही गं. खारे शेंगदाणे घेऊन गॅलरीत बसलीस तर ती तुला काहीच देणार नाही. तिला ताट लागतं, आणि ताटात मासळी.

ती आमच्या दारातलीच. नाँतच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या दोन लहान नद्यांच्या काठी तिचे मळे आहेत. द्राक्ष मात्र मूळचं बर्गंडीचं, नावच मेलाँ द बुर्गोन्य. 1709च्या हिवाळ्यात इथल्या बऱ्याच वेली गोठून गेल्या, तेव्हा थंडी सोसणारं म्हणून हे लावलं गेलं. डच व्यापाऱ्यांनीही उचलून धरलं, कारण त्यांना ब्रँडी गाळायला साधी, स्वस्त वाईनच हवी होती. तेव्हा तिचा साधेपणा असा जुना आहे.

त्यावर इथल्या लोकांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. वाईन आंबून झाली की तळाला यीस्टचा गाळ बसतो. एरवी तो काढून टाकतात. इथे सबंध हिवाळाभर वाईन त्याच गाळावर ठेवतात आणि वसंतात थेट तिथूनच बाटलीत भरतात. त्यामुळे तिला थोडा भरीवपणा येतो, ताज्या पावाचा हलका वास येतो, आणि जिभेच्या टोकाला बारीकशी चुणचुण जाणवते. अशा बाटलीवर 'स्युर ली' असं लिहिलेलं असतं. ते नसेल तर मी सहसा घेत नाही. क्लिसाँ किंवा गोर्ज या गावांची नावं लेबलवर दिसली, तर ती वाईन गाळावर दोन-दोन वर्षं मुरलेली असते. ती जरा भारदस्त, पण महाग.

आता पुन्हा चाखशील तेव्हा फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेव. गारढोण असली की वासच येत नाही. घोट तोंडात फिरव. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, मागाहून किंचित खारटपणा. गिळल्यावर गालांच्या आतून पाणी सुटतं, तिथेच तिची खरी करामत आहे. तळलेल्या तुकडीवर आपण लिंबू पिळतो ना, तेच काम ही घोटाघोटाने करते.

म्हणून इथे थंडीत तिची जोडी कालवांशी. तालाँसाकच्या मंडईतून जिवंत कालवं आणायची, शिंपला उघडायचा, सोबत राय पाव आणि खारं लोणी. दुसरी जोडी बर ब्लाँची. बारीक कांदा, व्हिनेगर आणि भरपूर लोणी घोटून केलेलं हे सार नदीच्या माशावर घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाँतजवळ क्लेमाँस लफेव्र नावाच्या बाईंनी ते प्रथम केलं म्हणतात. एवढं लोणी खाऊन जीभ जड होते. एक घोट घेतला की पुढच्या घासाला तयार.

तुझ्या मालवणी ताटाचं काय? रवा लावून तळलेले बोंबील, खोबरं घातलेल्या तिसऱ्या, कमी तिखटाची कालवं, यांच्याशी ती छान जमेल. बांगड्याच्या तिखल्यापुढे मात्र बिचारी पार हरवून जाईल, तिथे तिचा हट्ट धरू नकोस. आणि सोलकढी असेल त्या दिवशी बाटली बंदच ठेव. दोन आंबटांत सोलकढीच जिंकेल, आणि जिंकावीच.

जावयाला पुन्हा त्रास नको असेल तर नाशिककडची सोव्हिन्याँ ब्लाँ घे. शेनिन ब्लाँचं मूळ घरही इथेच, ल्वार नदीच्या वरच्या अंगाला, पण नाशिकच्या बऱ्याच शेनिन जरा गोडसर असतात, माशाला मला त्या चालत नाहीत.

उरलेली बाटली फेकली नसशील तर तिसऱ्यांच्या दिवशी काढ, आणि मग मला खरं काय ते कळव. सोबत काकूंच्या एकशिपीची कृतीही पाठव. नारळाचं प्रमाण वाटीने लिही, 'अंदाजाने' लिहू नकोस.

तुझी,
माई