रोजची गाडी आणि मनातली गाडी

घरात गाडी घ्यायची ठरली, की पहिला वाद कशावरून होतो? तुम्ही म्हणाल, पैशांवरून. आमच्याकडे तसं झालं नाही. चार वर्षं आवर्ती ठेवीत दरमहा पैसे टाकून ती तयारी आम्ही केलेली होती. आमचा वाद झाला तो दारांवरून. ह्यांच्या मनातल्या गाडीला माणसांनी चढायची दारं होती दोन, आणि माझ्या हिशेबातल्या गाडीला चार!

ह्यांच्या मनात होती थार. लाल, उंच, चौकोनी. २०२० साली २ ऑक्टोबरला ती नव्या रूपात बाजारात आली, तेव्हापासून ह्यांच्या मोबाइलवर मुलांपेक्षा तिचेच फोटो जास्त. माझ्या मनात होती वॅगन आर. १९९९ पासून रस्त्यावर दिसणारी, साधी, उभट. ह्यांनी तिचं नाव ‘पोह्यांचा डबा’ ठेवलं होतं. मी म्हणायची, “असू दे डबा. सकाळी उठल्यावर पोह्यांचा डबाच लागतो, जरीचा शालू नाही लागत.”

आम्ही साताऱ्यात राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी न्यावं लागतं. आतापर्यंत हे सगळं माझ्या स्कूटीवर आणि रिक्षावर चाललं होतं. भर पावसात रिक्षा मिळेना, की सासूबाई म्हणायच्या, “राहू दे गं, आज दुखत नाहीये फारसं.” ते ऐकलं, की माझा जीव खालीवर व्हायचा.

तरी खरं सांगू का, ह्यांचं थारचं वेड मला समजत होतं. मामंजींनी एकेकाळी चेतक स्कूटरसाठी नंबर लावला होता. त्या काळी स्कूटर पैसे टाकले आणि घरी आणली अशी मिळत नसे. नंबर लागेपर्यंत वर्षं जात. शेवटी आली, तेव्हा तिच्यावर चौघं बसायचे. हे पुढे उभे, मागे सासूबाई, मध्ये वन्सं. त्याच वेळी गावाकडे साखर कारखान्याची जीप धुरळा उडवत जायची आणि हे बांधावर उभे राहून बघत राहायचे. तो धुरळा ह्यांच्या डोळ्यांतून अजून गेलेला नाही.

पण समजणं वेगळं आणि लाखो रुपये देणं वेगळं. वाद वाढायला लागला, तेव्हा माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मुलांना मी म्हणते ना, ‘नुसतं बोलू नका, लिहून दाखवा!’ २०२५ च्या श्रावणात मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेला पेन्सिल बांधली. ठरवलं, की गाडी असती तर तिची गरज कोणत्या दिवशी, कशासाठी लागली असती, ते महिनाभर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. पुढे एक अक्षर लिहायचं: गाडी कोणी चालवली असती. ह्यांच्यासाठी ‘बा’, माझ्यासाठी ‘आ’.

महिना संपला. एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही मोजायला बसलो. एकूण तीस फेऱ्या. सासूबाईंचा व्यायाम आठ, पावसात मुलांची शाळा अकरा, मंडई आणि वाणसामान पाच, एक दवाखाना, एक कराडला माझं माहेर, एक बारसं, एक साखरपुडा. निव्वळ हिंडण्यासाठी दोन. हे जरा हिरमुसले. पण मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. ‘बा’ भरले सात आणि ‘आ’ भरले तेवीस!

मैत्रिणींनो, मी क्षणभर बघतच राहिले. आम्ही दोघं सहा महिने भांडत होतो ते ह्यांच्या गाडीबद्दल, आणि गाडी चालवणार होते मी. सकाळी अकराला सासूबाईंना न्यायचं, तेव्हा हे कचेरीत. शाळा सुटते, तेव्हाही हे कचेरीतच. आणि मी? लग्नाआधी कराडला गाडी शिकले, परवाना काढला, आणि बारा वर्षं तो कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवून दिला. वन्संची गाडी घरी आली, तरी किल्ली आपोआप ह्यांच्या हातात जायची. ती मागावी, असं मलाही कधी सुचलं नाही.

पुढे ३ सप्टेंबरला जाहीर झालं, की २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार. आम्ही थांबलो. कर उतरला आणि दोन्ही गाड्यांच्या किमती उतरल्या, त्यामुळे भांडण होतं तिथेच राहिलं! शेवटी सगळ्यांनीच जाऊन बघायचं ठरलं. जाताना मी पर्समध्ये शिवणाची टेप टाकली. सासूबाईंच्या रोजच्या खुर्चीची उंची आधीच मोजून ठेवली होती.

आम्ही दोन शोरूम पाहिली. त्यांपैकी एका ठिकाणचा मुलगा सगळं ह्यांनाच सांगत होता. इंजिन ह्यांना, ॲव्हरेज ह्यांना, हप्ता ह्यांना. माझ्याकडे वळून त्याने एकच विचारलं, “मॅडम, कलर कुठला आवडतो?” मी म्हटलं, “रंगाचं मागाहून बघू. आधी क्लच किती जड आहे ते मला बघू द्या.” तो गोंधळला. हे मात्र मिशीत हसले.

थार समोर उभी होती. खोटं कशाला बोलू, देखणीच गाडी! मुलं पुढची सीट वाकवून मागे शिरली आणि किंचाळायला लागली. सासूबाईंनी दाराचा कठडा धरला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. पुन्हा उचलला. त्यांच्या ऑपरेशनच्या पायाला तेवढं वळत नव्हतं. मग लुगड्याच्या निऱ्या नीट करत त्या शांतपणे म्हणाल्या, “गाडी छान आहे हो बाळा. मी आपली दारात उभी राहून तुम्हाला हात करीन.”

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. त्या खरंच तसं ठरवून मोकळ्या झाल्या होत्या. घरी येईपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत.

वॅगन आरमध्ये सासूबाई खुर्चीत बसावं तशा बसल्या. चढायला नको, वाकायला नको. टेप काढायची गरजही पडली नाही. गॅसवर चालणारीही पाहिली होती, कारण ती चालवायला स्वस्त. पण तिची टाकी डिकीतच बसवलेली. सासूबाईंचा वॉकर आणि दिवाळीला कराडला जाताना न्यायच्या पिशव्या मग कुठे ठेवायच्या? म्हणून पेट्रोलवरचीच ठरवली. दसऱ्याला पांढरी वॅगन आर दारात उभी राहिली. मी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटले.

पण त्या रात्री मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. हे गच्चीत एकटेच उभे होते. मी जवळ गेले, तर म्हणाले, “चांगली आहे गाडी. बरोबर केलंस तू.” आणि थोड्या वेळाने, “बाकी मी आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं ना?”

खरंच नव्हतं. मला एकदम माझं कपाट आठवलं. त्यातल्या सगळ्या साड्या चॉकलेटी, राखी, गर्द निळ्या. डाग दिसू नयेत म्हणून. गेल्या कित्येक वर्षांत मी फिकट गुलाबी साडी घेतलेली नाही. व्यवहारीपणाचा मला अभिमान होता. पण आपली इच्छा मारता मारता दुसऱ्याची मारायचीही सवय लागते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डिसेंबरात ह्यांचा वाढदिवस. कुणाला न सांगता मी शिकवणीच्या पैशांतून दोन दिवसांसाठी पुण्याहून थार भाड्याने ठरवली. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, स्वतः चालवायची. गाडी दारात बघून हे पाच मिनिटं नुसतेच तिच्याभोवती फिरत राहिले. सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जायचं ठरलं. सासूबाई नेहमीप्रमाणे दारात उभ्या राहणार, तोच माझी मुलगी न्हाणीघरातलं लाकडी स्टूल घेऊन धावत आली. स्टुलावर एक पाय, ह्यांचा हात, माझा खांदा, आणि सासूबाई पुढच्या सीटवर! आम्ही तिघं मागे दाटीवाटीने. वर बसल्यावर त्या म्हणाल्या, “रोज नाही हो जमायचं हे. पण एक दिवस जमतं.”

चाळकेवाडीला पठारावर दोन्ही बाजूंना पवनचक्क्या, मध्ये मोकळा रस्ता आणि भन्नाट वारा. ह्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. न मागता. मी चार किलोमीटर चालवली. एवढ्या उंचावरून रस्ता वेगळाच दिसतो. पोटात भीतीही होती आणि हसूही येत होतं. बांधावर उभ्या राहिलेल्या त्या मुलाला काय हवं होतं, ते मला त्या चार किलोमीटरांत कळलं. इतकी वर्षं नुसत्या गप्पांतून ते कळलं नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, गाडी घेणार असाल, तर माझं एवढं ऐका. महिनाभर दिनदर्शिकेवर फेऱ्या लिहा आणि पुढे चालवणाऱ्याचं अक्षर लिहायला विसरू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शोरूममध्ये न्या आणि एकदा नाही, दोनदा चढउतार करायला सांगा. डिकी रिकामी बघू नका; तुमची नेहमीची पिशवी घालून बघा. टायर बदलायला काय पडतं आणि विमा किती, हे गाडी घेण्याआधी विचारा. मोठ्या गाडीचे टायरही मोठे आणि त्यांची किंमतही मोठी. परवाना कपाटात असेल, तर बाहेर काढा. मी दहा दिवसांचा वर्ग पुन्हा लावला. पहिले दोन दिवस घाम फुटला, मग जमलं.

आणि रोजच्या गाडीचा निर्णय झाला, की जी गाडी मनात राहून गेली तिची चौकशी करा. ती विकत घेता आली नाही, तरी तिच्यासाठी वर्षातला एखादा दिवस काढता येतो.

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला मी पोह्यांचा डबा बाहेर काढते. सासूबाई शेजारी बसतात. परवा म्हणाल्या, “जरा जोरात घे गं, मागचा रिक्षावाला पुढे जाईल!” यंदा संक्रांतीला मी साडी घेतली. फिकट गुलाबी. डाग पडला तर पडला!