पावसाआधी उरकून घ्या

बँकेचा माणूस घर बघून गेला, म्हणजे घर तपासून झालं, असं आम्ही धरून चाललो. कोथरूडचा तो फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, इमारत नव्वदच्या दशकातली. व्हॅल्युअरने खोल्या मोजल्या, मंजूर नकाशाशी ताडून पाहिल्या, चार फोटो काढले आणि तो गेला. त्याचं काम बँकेसाठी होतं. उद्या कर्ज थकलं तर या घराचे किती पैसे येतील, एवढंच त्याला सांगायचं होतं. वरच्या न्हाणीघराचं पाणी कुठे मुरतंय, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याची फी आम्ही भरली होती, म्हणून त्याचा अहवाल आपल्यासाठी आहे असं मला वाटलं.

कागदांच्या बाबतीत मात्र आम्ही काटेकोर होतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला, सोसायटीचं ना हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या, सगळं फाईलला लावलं. सासूबाईंनी वास्तुशास्त्राच्या जाणकारालाही आणलं. आमच्या ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने बजावलं होतं, "टोकन देण्याआधी एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर फिरवून आण." मी कारणं सांगितली. मालक चिडतील, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, वेळ नाही. खरं कारण हे की घर मला फार आवडलं होतं आणि त्याच्याविरुद्ध कुणाकडून काही ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. त्या इंजिनिअरची फी आम्ही भरलेल्या मुद्रांक शुल्काच्या पासंगालाही पुरली नसती.

जुलैत पॅसेजच्या पीओपीवर पिवळट डाग उमटला आणि बघता बघता ताटाएवढा झाला. तेव्हा कुठे आम्ही इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी पीओपीचा एक चौकोन कापायला लावला, टॉर्च वर धरला आणि मला स्टुलावर चढून बघायला सांगितलं. स्लॅबचा खालचा थर निखळला होता, सळ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर गंजाचे पापुद्रे सुटले होते. बोटाने दाबलं तर पापुद्रा हातात आला. मग त्यांनी हातोडीचा लाकडी दांडा स्लॅबवर ठोकत ठोकत पॅसेजभर नेला. चांगल्या जागी खणखणीत आवाज, बिघडलेल्या जागी भद्द. डोळे मिटूनही फरक कळत होता. हा आवाज ऐकायला यंत्र लागत नाही. टोकन देण्याआधी कुणी पाच मिनिटं दांडा फिरवला असता तरी पुरलं असतं.

त्यांनी जे समजावलं ते मला आजही पाठ आहे. चांगल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३च्या घरात असतो आणि त्या अल्कधर्मी कवचात सळी सुरक्षित राहते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साईड आत शिरतो, सामू उतरतो, त्यात ओल मिळाली की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. ओल वरच्या घराच्या न्हाणीघरातून येत होती. तिथला स्लॅब खाली सोडलेला, त्यात भरलेला कोबा आणि कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग संपलेलं. आधीच्या मालकांना हे माहीत असणार, कारण पीओपी फक्त पॅसेजमध्येच होतं, बाकी घरात कुठेच नव्हतं. आम्ही ते बघितलं होतं आणि "वा, छान केलंय" म्हणालो होतो.

पुढची भांडणं थोडक्यात सांगते. रेरा कायद्यातली बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर, ताब्यापासून पाच वर्षं. आमच्या इमारतीला तिचा उपयोग नव्हता. पावसाचं पाणी आणि बाहेरच्या पाइपांची गळती सोसायटीने बघायची, न्हाणीघर-संडासाची गळती त्या त्या सदस्याने, असं उपविधी सांगतात. वरचे काका दार उघडत नव्हते.

इथवरची चूक मी चारचौघांत सांगत आले आहे. पुढची फारशी सांगितलेली नाही.

काही वर्षांनी सासऱ्यांचा डोंबिवलीचा फ्लॅट आम्ही विकायला काढला. बेडरूमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. एजंट म्हणाला, "मॅडम, रंग मारून घ्या आणि पावसाआधी उरकून घ्या." एप्रिलमध्ये पोपडे खरवडले, पुट्टी भरली, दोन हात प्लॅस्टिक पेंट दिला. घर बघायला आलेल्या तरुण जोडप्यातल्या मुलीने त्याच भिंतीवर हात ठेवून विचारलं, "इथे पलंग लावला तर चालेल ना?" मी म्हणाले, "चालेल की." कोथरूडच्या पॅसेजमध्ये स्टुलावर चढून काय बघितलं ते विसरले नव्हते, तरीही म्हणाले.

जुलैत तिचा फोन आला. मी म्हटलं, करारात 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलंय. नंतर कायदा वाचला. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्याचं कर्तव्य आहे, आणि तो न सांगणं हे कपटच, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. माझ्या आधीच्या मालकांना मी जो शब्द लावत होते, तोच. भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही पाठवले. तिने घेतले, आभार मानले नाहीत, आणि तेच बरोबर होतं.

कोथरूडचं घर सोडायची वेळ आली तेव्हा जाहिरात द्यायच्या आधी आम्हीच तपासणी करून घेतली. न्यू जर्सीतला माझा चुलतभाऊ म्हणतो की तिथे वाळवी आणि रेडॉन वायूपर्यंत तपासून घेतल्याशिवाय घर घेणारा पुढे सरकत नाही, आणि तपासणाऱ्याला राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे असा वेगळा परवाना नाही, म्हणून महापालिकेकडे नोंदलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर शोधला. त्याने रिबाउंड हॅमरने स्लॅब तपासला, भिंतींना ओल मोजायचं मीटर लावलं, सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागवला. पंधरा वर्षांपुढच्या इमारतीला दर पाच वर्षांनी, तीस वर्षांपुढच्या इमारतीला दर तीन वर्षांनी ते ऑडिट करायचं असतं. आमच्या सोसायटीने मुदत उलटू दिली होती, तेही त्याने लिहिलं.

एजंटने अहवाल दाखवू नका म्हणून फार विनवलं. आम्ही तो येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिला, पॅसेजच्या दुरुस्तीच्या बिलांसकट. काही जण तो वाचून परत आले नाहीत. ज्यांनी घर घेतलं ते गृहस्थ शांतपणे शेवटच्या पानापर्यंत वाचत बसले, ऑडिटच्या मुद्द्यावर त्यांनी भाव खाली आणला आणि आम्ही मान्य केलं. मग म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण माझाही इंजिनिअर एकदा आणतो." त्यांच्या माणसाला गीझरच्या पॉइंटला अर्थिंगच नसल्याचं सापडलं. आमच्या अहवालात ते नव्हतं. माझी मुलं वर्षानुवर्षं त्याच गीझरच्या पाण्याने आंघोळ करत होती. साठेखतावर सह्या व्हायच्या आधी आम्ही नवी वायर ओढली, आरसीसीबी बसवला आणि वायरमनची पावती त्यांच्या फाईलला लावून दिली.