निळीची पुडी आणि अजिंठ्याचा निळा

निवासी शाळेत रंगांचा प्रश्न हा हिशेबाच्या वहीतला प्रश्न असतो. धान्य, वह्या, साबण, औषधे यांचा खर्च भागल्यावर जे उरेल, त्यातून चित्रकलेचे साहित्य येते. त्यामुळे नववीच्या मुलींनी अल्कोहोल शाईने रंगविलेल्या फरश्या मोबाइलवर पाहिल्या आणि आपणही असे करू या का, असे विचारले, तेव्हा आम्ही प्रथम किंमत पाहिली. इवल्याशा बाटल्यांच्या एका संचात ऊसतोडीच्या फडावरची कित्येक दिवसांची मजुरी गेली असती. किंमत ऐकून मुली गप्प झाल्या. ते गप्प होणे आम्हांला बोचले. ‘हे तुमच्यासाठी नाही’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले. तेच आपल्या लेकरांनी स्वतःला ऐकवावे, हे आपल्या विद्यालयात तरी घडू नये.

आमचा विषय इतिहास, रसायनशास्त्र नव्हे. परंतु समोरची वस्तू कशी घडली, हे विचारण्याची सवय इतिहासानेच लावली. या शाईत मुख्यतः तीन गोष्टी असतात : स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग, ते स्पिरिट आणि रंग पृष्ठभागाला धरून ठेवणारी थोडी राळ. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे या तिन्ही गोष्टी पूर्वीपासून आहेत : पुडीतला रंग, स्पिरिट आणि चपडा लाख. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे हेच काम. त्यांनी चिमूटभर रंग स्पिरिटमध्ये विरघळवून, लाखेच्या द्रावाचे चार थेंब घालून, फडक्यातून गाळून दाखविले. पुडी घेताना रंग स्पिरिटमध्ये विरघळणाराच मागावा लागतो. साधा कागद ही शाई शोषून घेतो. तिला गुळगुळीत पृष्ठभाग हवा. तो फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी पुरविला. रंगाच्या थेंबावर नुसत्या स्पिरिटचा थेंब पडला की पाकळ्या उमलाव्यात तशी वलये पसरतात.

हे स्पिरिट विषारी आहे आणि क्षणात पेट घेते. म्हणून ते कुलपात राहते, शिक्षकच ओततात, काम उघड्या व्हरांड्यात होते आणि जवळपास दिवा, अगरबत्ती, शेगडी नसते. रोज पंचशील ग्रहण करणाऱ्या मुलांच्या वसतिगृहात अशी बाटली का आणली, हेही आम्ही सकाळच्या वंदनेनंतर सर्वांना सांगितले. लपवून आणलेल्या वस्तूविषयी कुतूहल वाढते. समजावून दिलेल्या वस्तूविषयी जबाबदारी वाढते.

लहान वर्गांना मात्र स्पिरिट द्यायचे नाही, हे ठरले होते. त्यांच्यासाठी पाण्यातल्या शाईकडे वळलो. लोखंडाचा उद्योग हे जालन्याचे वैशिष्ट्य. गंजलेल्या लोखंडाचा येथे तोटा नाही. गंजके खिळे गुळाच्या पाण्यात काही दिवस आंबवावेत आणि ते पाणी हिरड्याच्या काढ्यात मिसळावे, की काळी शाई तयार होते. काजळी डिंकाच्या पाण्यात खलली तरी काळी शाई होते. हळदीचा पिवळा चुन्याने तांबडा होतो. पण हळद उन्हात विटते, हेही मुलांनी पाहून घेतले.

अडले ते निळ्यापाशी. आणि निळ्याशिवाय आपल्या मुलांचे चित्र पुरे होत नाही. 1942 साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या ध्वजापासून हा रंग आपल्या घराघरांत आहे. येथे अजिंठा उपयोगी पडला. आपल्या भोकरदनचे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनचे, रहिवासी सांचीच्या स्तूपाला दान देत होते, असे तेथील दानलेख सांगतात. त्याच भोकरदनच्या शेजारच्या डोंगररांगेत अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील चित्रकारांनी तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना आणि काजळी असे साधे रंग वापरले. पाचव्या शतकातील चित्रांतला निळा मात्र लाजवर्द या दगडाचा. तो दूरच्या बदख्शानातून, आजच्या अफगाणिस्तानातून, येई. महाग रंग तेव्हाही होता.

पुढे 1828 च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे आणि जर्मनीत ग्मेलिन या रसायनतज्ज्ञांनी पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून तोच निळा कृत्रिमरीत्या तयार केला. पांढऱ्या कपड्यांना घालावयाच्या निळीच्या पुडीत असतो तो हाच. पातळ निळीचा रंग वेगळा. ही पूड स्पिरिटमध्ये विरघळत नाही, त्यामुळे तिची वलये उमलत नाहीत. पण डिंकाच्या पाण्यात खलली की दाट निळा रंग मिळतो. त्यावर लिंबू पिळले तर तो फिका पडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो : गंधक आहे, याची वर्गातच पटणारी खूण. ज्या रंगासाठी अजिंठ्याच्या चित्रकारांना बदख्शानची वाट पाहावी लागे, तो आज गावच्या किराणा दुकानात काही रुपयांना मिळतो. आमच्या पाचवीच्या मुलांनी त्याच पुडीने धम्मचक्र रंगविले.

स्वस्त साधन म्हणजे हलके साधन, असे मुलांना वाटू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. गरिबीचे कौतुक आम्हांला करावयाचे नाही. उत्तम शाई परवडेल तेव्हा ती अवश्य आणू. तोवर टाइल्सच्या अथवा हार्डवेअरच्या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी फुटके तुकडे टाकून न देता विद्यालयाकडे धाडावेत. आणि शक्य झाल्यास सोबत स्वतःही यावे. आपल्या हातचे काम मुलांना दाखवावे.