उन्हाळी शाळा

वैशाखात विद्या शिकावयास घराबाहेर पडणे हे वऱ्हाडात शहाणपणाचे लक्षण मानले जात नाही. अकोला व अमरावती या दोन गावांत उष्म्याच्या बाबतीत जुनी चुरस आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की आपापल्या गावाचा आकडा सांगताना दोन्हीकडच्या मंडळींच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो. आमचा जन्म अकोल्याचा आणि चाकरी अमरावतीची, म्हणून या वादात आम्ही कोणाचीच बाजू घेत नाही. दुपारी दारे लावून, वाळ्याचा गार वास घेत, पन्ह्याचा पेला हाती धरून पडून राहावे, हाच आमचा वैशाखधर्म.

या धर्मास यंदा बाध आला. आमची कन्या पदार्थविज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी आहे. सिसिली बेटावरील एरिचे या गावी भरणाऱ्या उन्हाळी शाळेसाठी आपली निवड झाली असून जुलैत तेथे जावयाचे आहे, असे तिने एके सायंकाळी सांगितले. भूमध्य समुद्रातील बेट म्हटले म्हणजे इंग्रजी काव्यावर पोसलेल्या आमच्यासारख्याच्या डोळ्यांपुढे निळे पाणी व ऑलिव्हची झाडे उभी राहावीत. परंतु बापाचे डोळे निराळे असतात. आम्ही प्रथम तेथील तापमान पाहिले. याच बेटावर, सिराक्यूजजवळ, ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश उष्णता नोंदली गेली, आणि तो युरोपखंडाचा उच्चांक म्हणून जागतिक हवामान संघटनेने पुढे मान्य केला. म्हणजे मुलगी वऱ्हाडातून निघून वऱ्हाडातच उतरावयाची!

मग शाळेची चौकशी केली. तेथील विज्ञानकेंद्र १९६३ साली निघाले. त्याचे वर्ग जुन्या मठांच्या इमारतींत भरतात. गाव डोंगरावर, सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे खाली किनारा भाजत असता वर हवा बरी असते. अमरावतीकरांस चिखलदऱ्याची सोय आहे, तशीच ही. येथवर समाधान झाले. परंतु केंद्रास ज्यांचे नाव दिले आहे ते एत्तोरे मायोराना हे बुद्धिमान शास्त्रज्ञ १९३८ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, पालेर्मो व नेपल्स यांमधील जलप्रवासात नाहीसे झाले, असे वाचताच आम्ही चष्मा काढून ठेवला.

"फार लांब आहे. शिवाय ऊन," आम्ही म्हणालो.

"बाबा, उन्हाचे कारण तुम्ही सांगता? तुम्ही तर मे महिन्यात आखाड्यात शिकायला गेला होता."

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. १९८४ साली, पंधराव्या वर्षी, वडिलांनी आम्हांस अकोल्याहून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी वर्गास धाडले होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेली ही संस्था. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी येथील पथकाने परदेशी प्रेक्षकांस आपले देशी खेळ करून दाखविले, ही गोष्ट वऱ्हाडातील जुन्या माणसांच्या तोंडी नेहमी असे. शाळामास्तरांस व विद्यार्थ्यांस सुट्टी असते ती उन्हाळ्यात. तेव्हा शिकावयाचे तर उन्हातच शिकले पाहिजे, असा हा सरळ हिशेब होता. आमचे वडील स्वतः शाळामास्तर, त्यांस तो तत्काळ पटला. आम्हांस मात्र पटला नाही. आईने खिशात कांदा घातला, डोक्यास दुपट्टा गुंडाळला, आणि आम्ही बडनेऱ्याच्या गाडीत बसलो.

पहाटे मैदानावर लाठी व लेझीम, त्यानंतर मल्लखांब. एरंडेल तेलाने गुळगुळीत झालेला तो सागवानी खांब दिसावयास गरीब; पण घामेजल्या हातांनी त्यास मिठी घातली की तो अंगावरची पाल झटकावी तसा माणसास झटकून टाकी. आमच्या बरोबरीची पोरे दसरंग करीत, आणि आम्हांस साधी अढी पडेना. तिसऱ्याच दिवशी आम्ही घरी कार्ड टाकले : "मला न्यावयास या." नंतर आठ दिवस आमचे एक लक्ष खांबाकडे व दुसरे फाटकाकडे असे. कोणी आले नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी अढी पडली, आणि फाटकाकडे पाहणे आपोआप सुटले. पुढे आम्ही महिना पुरा करून, चार किलो वजन घटवून व आवाज वाढवून घरी आलो. वडिलांनी कार्डाचा विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही. परंतु त्यांनी ते वाचूनही मनावर घेतले नाही, हा सल आम्ही पुष्कळ वर्षे जपून ठेवला. मुलांस आईबापांवरचे असले लहानसे कर्ज माफ करवत नाही.

वडील वारल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या चाळताना १९८४ च्या मे महिन्याचे पान निघाले. दूध, धोबी, वर्तमानपत्र यांच्या रांगेत एक ओळ होती : "अमरावती जाणे-येणे, रेल्वे व टांगा. चि. ठीक आहे." तारीख पाहिली. आमचे कार्ड घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या दिवशी आम्ही खांबावरून घसरतच होतो.

आईस विचारले. ती म्हणाली, "न्यायलाच गेले होते रे. कुंपणाबाहेर निंबाखाली उभे राहिले. तू पडलास, उठलास, हाताला माती लावलीस, अन् पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलास. मग काही बोलले नाहीत, परत आले. त्या दिवशी जेवले मात्र नाहीत."

आम्ही समजत होतो की त्या वर्षी उन्हाळी शाळेत घरातून एकटे आम्हीच गेलो होतो. वास्तविक वर्गात दोघे होतो. आम्हांस शिकावयाचे होते खांबास धरणे. वडिलांस शिकावयाचे होते सोडून देणे. आमचा धडा महिन्याभरात झाला. त्यांनी आपला एका दुपारी, निंबाच्या सावलीत, उपाशीपोटी पुरा केला, आणि खर्च वहीत मांडून ठेवला.

असो. कन्या गेली. मंडळींनी तिच्या सामानात कांदा घातला. तो विमानतळावर कोणी काढून घेतला की नाही, हे कळले नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, इथे पारा ३८ वर गेला की लोक हवालदिल होतात. मी त्यांना अकोल्याविषयी सांगितले, तर कोणाचा विश्वासच बसेना!" तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा अभिमान अधिक होता. मग जरा थांबून ती म्हणाली, "व्याख्याने मात्र कठीण आहेत. अर्धी डोक्यावरून जातात."

काहीतरी धीराचे सांगावे, निदान रोज फोन करीत जा म्हणावे, असे शब्द ओठांपर्यंत आले होते. आम्ही इतकेच म्हणालो, "बरे. जेवत जा." रात्री हिशेबाच्या वहीत सिसिलीच्या तिकिटाची रक्कम मांडली, आणि तिच्यापुढे वडिलांचेच तीन शब्द लिहिले.