हवापालट

‘जरा हवापालट केला तर बरे वाटेल का, डॉक्टर?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. विचारणारी व्यक्ती बहुधा रुग्ण नसते; रुग्णाची सून, मुलगा किंवा पत्नी असते. आमच्या आधीच्या पिढीतील डॉक्टर हवापालट औषधासारखा लिहून देत. पाचगणीला जा, समुद्रकाठी राहा, दूध-अंडी घ्या. आता आम्ही तपासण्या लिहून देतो आणि या प्रश्नावर नुसते हसतो. हसण्याआधी या जुन्या शब्दात तथ्य किती, हे पाहावे असे मला वाटते. आणि ते पाहायला मांतों या गावाइतके योग्य ठिकाण माझ्या माहितीत नाही.

मांतों फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी, इटलीच्या सीमेला खेटून वसले आहे. नीसहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. पाठीशी उभे असलेले डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतात, म्हणून हिवाळा संपता संपता येथील लिंबे झाडावर पिवळीधमक झालेली असतात. शेजारच्या मोनाकोचा झगमगाट येथे नाही. गेरू, फिका गुलाबी, हळदी अशा रंगांची घरे, झडपांच्या खिडक्या आणि समुद्रालगत लांबच लांब सपाट पदपथ. सकाळी त्यावरून इस्त्रीचा कोट, गळ्यात रुमाल आणि हातात काठी अशा थाटात वृद्ध स्त्री-पुरुष सावकाश चालताना दिसतात. म्हातारपणी नीटनेटके राहण्याची ही हौस मला फार आवडली.

या गावाची कीर्ती पसरली ती एका आजारी डॉक्टरमुळे. १८५९ साली जेम्स हेन्री बेनेट हे इंग्रज डॉक्टर क्षयाने खंगून येथे आले. जगण्याची फारशी आशा नव्हती. ते बरे झाले. पुढे दर हिवाळ्यात येथे येऊन रुग्ण तपासू लागले आणि या हवेची महती सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले. मग युरोपभरातून क्षयरोगी येऊ लागले. १८८२ च्या मार्च महिन्यात तर खुद्द राणी व्हिक्टोरियाचा मुक्काम येथे होता. त्याच महिन्याच्या २४ तारखेला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. दोष हवेचा नव्हे, जंतूचा, हे तेव्हा स्पष्ट झाले. तरी त्यावर औषध मिळायला आणखी साठेक वर्षे जावी लागली.

गावाच्या माथ्यावर, जुन्या किल्ल्याच्या जागी, त्या काळातील परदेशी पाहुण्यांची दफनभूमी आहे. बेनेट बरे झाले, पण हवेने सगळेच बरे झाले नाहीत. ऑब्री बिअर्डस्ली हा इंग्रज चित्रकार १८९८ साली याच गावात क्षयाने वारला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. या कथेचा शेवट आपल्या देशात झाला, हे थोड्यांना ठाऊक असते. १९५९ साली, म्हणजे बेनेट यांच्या आगमनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मद्रासमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्षयरोग्याने औषधे नियमित घेतली तर तो आपल्या साध्या घरात राहूनही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, असे त्यात दिसून आले. पुढे जगभरची क्षयाची आरोग्यधामे ओस पडत गेली.

मग हवापालटात उरले काय?

याचे उत्तर मला माझ्या आईकडून मिळाले. वडिलांना पक्षाघात झाल्यानंतर चार वर्षे तिने त्यांची शुश्रूषा केली. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री त्यांची कूस बदलावी लागे. त्यासाठी ती २ वाजता उठत असे. वडील गेल्यावर आठ महिने उलटले, तरी बरोबर २ वाजता ती अंथरुणात उठून बसलेली असे. रक्तदाब औषधांना दाद देईना. ज्यांनी अशी शुश्रूषा केली आहे, त्यांना मी अधिक काही सांगायला नको. तिच्या तपासण्या झाल्या. हा खिन्नतेचा आजार तर नाही ना, हे मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेतले. तुम्हीही ते आधी करा. कारण खिन्नतेवर प्रवास हा उपचार नव्हे.

माझा धाकटा भाऊ नीसला नोकरीस आहे. त्याचे घर तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहक नाही. म्हणून मांतोंला समुद्राजवळ तळमजल्यावर एक लहान जागा तीन आठवड्यांसाठी घेतली आणि मार्चमध्ये आईला घेऊन मी तेथे राहिले. फेब्रुवारीतल्या लिंबांच्या उत्सवाची गर्दी तोवर ओसरलेली असते. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहली वृद्धांसाठी आहेत असे मला कधीच वाटले नाही. पहाटे सामान बांधायचे, दिवसभर बसमध्ये पाय लोंबकळत ठेवायचे; त्यात विश्रांती कोठे आली?

आम्ही फक्त एकच गाव पाहिले, आणि तेही बाकांच्या हिशेबाने. पहिल्या दिवशी आई तिसऱ्या बाकापर्यंत चालली. दुसऱ्या आठवड्यात झाकलेल्या मंडईपर्यंत जाऊन लिंबे घेऊन आली. सां मिशेल चर्चच्या पायऱ्या ती चढली नाही; खाली बसून वर पाहिले, तेवढ्यावर तिचे समाधान झाले. येथील किनाऱ्यावर गोट्यांचे दगड आहेत, तेव्हा वृद्धांना हाताला धरल्याशिवाय तेथे उतरवू नये. हरभऱ्याच्या पिठाचे ‘सोका’ पहिल्यांदा ताटलीत आले तेव्हा ती म्हणाली, “अगं, हे तर आपलं धिरडं! नुसती मिरची विसरलेत.”

पहिले काही दिवस तिला संध्याकाळीच झोप येई, कारण मार्चमध्ये तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. ऊन आणि चालणे यांनी शरीराचे घड्याळ हळूहळू जुळते, हे वैद्यकशास्त्र सांगतेच. तिसऱ्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपू लागली. मला मात्र वाटते की, उन्हापेक्षा त्या खोलीचा उपयोग अधिक झाला. तेथे वडिलांची खाट नव्हती. कान टवकारून ऐकावे असा श्वास तेथे कधीच नव्हता. घरी परतल्यावरही तिला कधीमधी २ वाजता जाग येते. पण ती पाणी पिते आणि पुन्हा झोपते. वडिलांची खाट दुसऱ्या खोलीत हलवायला तिने आपणहून सांगितले. रक्तदाबाची गोळी चालूच आहे.

असा प्रवास तुमच्या मनात असेल तर काही गोष्टी सांगते. विमानाच्या केबिनमधील हवा सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावरील हवेइतकी विरळ असू शकते. हृदय किंवा फुप्फुसांचा विकार असेल तर आधी तपासून घ्या. बसल्या जागी पोटऱ्या हलवत राहा, तासा-दीड तासाने उठा. औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते. चिठ्ठीवर औषधांची मूळ रासायनिक नावे लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथील दुकानदाराला कळत नाहीत. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण जुन्या आजारांना त्यात कितपत संरक्षण आहे ते बारीक अक्षरांत वाचा. तेथे आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

आणि तुमचा रुग्ण अंथरुणावर असेल, तर हवापालटाची गरज कदाचित त्याला नसून तुम्हाला आहे. मांतोंच हवे असे नाही. दापोलीला बहिणीकडे आठ दिवसही चालतील. भावंडांपैकी कोणाला तरी तेवढ्यापुरते बोलवा. औषधांच्या वेळा, कूस बदलण्याच्या वेळा, कोणती वाटी, कोणती उशी, सगळे कागदावर लिहून भिंतीला लावा. फोन दिवसातून एकदाच करा, ठरलेल्या वेळी. पहिले दोन दिवस चुकल्यासारखे वाटेल. तरी तिसऱ्या दिवशी परत येऊ नका.