बंदुकीच्या घरातलं पिल्लू

भंडारा जिल्ह्यात ज्या घरात बारा बोअरची बंदूक होती, त्या घरात आज ना उद्या पाखरावरचा कुत्रा यायचाच. तो नावाला एका घराचा असे. त्याच्यावर हक्क मात्र पाच-सहा घरांचा. म्हणून ही आठवण मी ‘मी’ म्हणून लिहीत नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागे जन्मलेली, भंडारा, गोंदिया आणि साकोली अशा तीनच तहसिलींचा जिल्हा पाहिलेली, मालगुजारी गेल्यावरही वाड्याच्या छपरीत वाढलेली जी आम्ही भावंडं, आते-मामे-चुलत सगळी, त्या सगळ्यांची ही आठवण आहे.

आमचा मुलूख धानाचा आणि तलावांचा. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या, त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या. दिवाळीच्या सुमाराला हलका धान निघायचा आणि कापलेल्या बांधीच्या चिखलात पाणलावे उतरायचे. जड धानात पेरलेली लाखोळी वर आली की तिच्यात लावे शिरायचे. गावकुसाबाहेरच्या झुडपांतून पहाटे तितर ओरडायचे. उत्तरेकडची बदकं तलावात जमायची: तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक. अडई आणि काणूक तर आमच्या घरचीच पाखरं. मंडई-दंडारीचे दिवस आणि पाखरांचे दिवस एकच होते.

बंदूक पाखरू पाडते, शोधून देत नाही. पाणलावा चिखलाच्याच रंगाचा. चार पावलांवर पडला तरी माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. बदक कमळाच्या पानांत पडलं आणि नुसतं पंखाला लागलेलं असलं, तर बुडी मारून कुठल्या कुठे निघून जातं. ढीवर आपला डोंगा घालून शोधत, पण गवतातलं पाखरू हे नाकाचं काम. म्हणून कुत्रा हवा.

पिल्लं कुठून यायची? नागपुराहून, जबलपुराहून, कामठीच्या छावणीतून. साहेब लोक विलायतेला निघाले तेव्हा त्यांनी कुत्री ओळखीपाळखीत देऊन टाकली, आणि पुढे त्यांची पिलावळ घराघरांतून फिरली, असं आम्ही मोठ्यांच्या तोंडून ऐकलं. कोणाकडे पॉइंटर, कोणाकडे स्पॅनियल, पुढे पुढे लॅब्राडोर. कागदपत्रं कोणी पाहिली नाहीत. ‘आई कशी होती’ एवढंच विचारलं जाई. पैशाचा व्यवहार क्वचितच. ज्याच्या कुत्र्याकडून पिल्लं झाली, त्यानं एक पिल्लू आधी निवडायचं, बाकीची कुत्रीच्या मालकानं दोस्तांत वाटायची, आणि ज्याला पिल्लू मिळालं त्यानं धान निघाल्यावर पायलीभर तांदूळ पाठवायचा. मोठ्या लाईनवरून येणारं पिल्लू भंडारा रोडला, म्हणजे वरठीला उतरायचं. साकोलीकडचं असलं तर गोंदियाहून छोट्या गाडीनं सौंदडपर्यंत, आणि तिथून बैलबंडीनं घरी. वेताच्या टोपलीत पेंढा, वरून ओलं फडकं, आणि आत दोन महिन्यांचा जीव.

ज्या संध्याकाळी पिल्लू यायचं, त्या संध्याकाळी निरोप न धाडताही सगळे बंदूकवाले छपरीत हजर असत. शाळेतले हेडमास्तर, दवाखान्यातले कंपाउंडर, शेजारच्या गावचे पाटील, तेंदूच्या ठेक्यावरचे मुनीमजी, आणि तलावाचा कोपरा न् कोपरा ठाऊक असलेला म्हातारा ढीवर. जात, धर्म, शेतीचा आकार यांतलं काही त्या वर्तुळात आड येत नसे. चहाची बशी हातात, आणि मधे पोत्यावर पिल्लू.

परीक्षा सुरू व्हायची. कोणी तोंड उघडून टाळू पाहायचं, कोणी पायाची बोटं. मामाजी मागून एकदाच टाळी वाजवायचे. पिल्लू दचकलं तरी हरकत नसे. दचकून मग आवाजाकडे वळून पाहिलं की ते पास. पळून कोपऱ्यात गेलं तर मास्तर म्हणायचे, “याले घाई नको करू. याले दोन महिने जास्त लागतीन.” शेवटी आबाजी खिशातून तितराचा वाळलेला पंख काढत आणि जमिनीवर ठेवत. पिल्लू हुंगत हुंगत यायचं आणि पंखापाशी येऊन थबकायचं. पॉइंटरचं पिल्लू असलं तर कधी कधी पुढचा एक पाय जमिनीपासून इंचभर उचलला जायचा. त्या इंचभरासाठी सगळी छपरी श्वास रोखून बसलेली असायची. तो पाय उचलायला कोणी शिकवलेलं नसतं. कितीतरी पिढ्यांच्या निवडीतून ते रक्तात उतरलेलं असतं.

भेटीही ठरलेल्या. कोणी गळ्यातला चामडी पट्टा आणायचं, कोणी रेल्वेच्या गार्डाची जुनी शिट्टी, कोणी पितळी घुंगरू. घुंगराला कारण होतं. उंच गवतात कुत्रा दिसत नाही, पण घुंगरू ऐकू येतं. आणि ते वाजायचं थांबलं की समजायचं, कुत्रा पाखरावर उभा आहे. नाव ठेवायचा मान मात्र आम्हा पोरांचा. नाव दोन अक्षरांचं आणि हाकेला मोकळं हवं, एवढीच मोठ्यांची अट.

आजीनं कुत्र्याला स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. पण त्याची कनकी चुलीवर तीच शिजवायची, त्यात ताक आणि चिमूटभर हळद घालायची. पहिल्या रात्री पिल्लू रडायचं, तेव्हा कंदील घेऊन उठणारीही तीच. “आईपासून तोडून आनलं त्याले, रडन नाही तं काय करन,” असं म्हणून ती आपलं जुनं लुगडं त्याच्याखाली टाकायची.

शिकवण्याचा भार पोरांवर असे, आणि त्याचे नियम कडक. फडक्याच्या दोन टोकांची ओढाओढ पिल्लाबरोबर खेळायची नाही, कारण मग जबडा घट्ट होतो आणि पुढे पाखरू चुरगळतं. आणलेली वस्तू हिसकायची नाही. हात पुढे करून थांबायचं. जेवणाच्या वेळी दुरून थाळी वाजवायची आणि रोज थोडं जवळ यायचं, म्हणजे मोठा आवाज आणि पोटभर कनकी यांची गाठ पक्की बसते. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल, तेही दुरून. खरी बंदूक त्याच्या कानावर पडायला पुढचा हिवाळा उजाडे. दोरीला पंख बांधून तो धुऱ्याच्या गवतातून ओढत न्यायचा, आणि मग पिल्लाला त्या वासावर सोडायचं. पाण्यात ढकलायचं नाही, कधीच नाही. कार्तिकातल्या ऊबदार दुपारी तलावाच्या पारीवरून आपणच आधी उतरायचं. ते आपल्या मागं येतं. घरी आलं की कानांतली कुसळं काढायची, बोटांच्या बेचक्यांतले गोचीड काढायचे, जळू लागली असेल तर मीठ लावायचं. शेवटचं काम कितीही दमलं तरी चुकवायचं नाही.

त्या कुत्र्यांपैकी एका स्पॅनियल कुत्रीचा पहिला हिवाळा आम्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. पहाटेचं धुकं, तलावाच्या शेपटाकडची दलदल, काकाजींच्या दुनळीत चार नंबरचे छर्रे. बदक पडलं ते देवनळाच्या बेटापलीकडे. काकाजींनी हात खाली केला तशी ती पाण्यात शिरली. आधी पोहताना दिसली, मग नुसती देवनळाची टोकं हलताना, मग तीही नाही. बराच वेळ गेला. मोठी माणसं हाका मारत नव्हती, म्हणून आम्हीही गप्प. मग ती भलत्याच बाजूनं बाहेर आली. तोंडात भुवई बदक, त्याचा एक पंख तिच्या डोळ्यावर आलेला, त्यामुळे मान वाकडी करून चालणं. आबाजींच्या पुढ्यात येऊन बसली. त्यांनी तळवा पुढे केला आणि वाट पाहिली. तिनं पाखरू त्या तळव्यावर ठेवलं. आबाजींनी पिसं फुंकून बाजूला केली आणि आम्हाला कातडी दाखवली. दाताची एकही खूण नव्हती. “असं तोंड पायजे,” एवढंच ते म्हणाले.

त्या घरांचा एक नियम होता: पडलेलं पाखरू सापडल्याशिवाय दुसरा बार नाही. जखमी पाखरू मागं टाकून घरी येणं ही लाजेची गोष्ट होती, आणि ती लाज कुत्रा टाळायचा. जिम कॉर्बेट यांनी ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मध्ये आपल्या रॉबिन नावाच्या, पंधरा रुपयांना घेतलेल्या स्पॅनियलवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, ते आम्ही मोठेपणी वाचलं. तेव्हा कळलं, छपरीतली माणसं एकट्या भंडाऱ्याची नव्हती. बंदूक हाती धरणाऱ्याला धीर शिकवणारा कुत्रा जगभर तोच आहे. घरी आल्यावर पाखरं सोलायचं काम बायकांचं, वाटे सगळ्या छपरीचे, आणि रश्श्यात दाताखाली आलेला छर्रा ताटाच्या कडेला ठेवायचा.

मग दिवस बदलले, आणि ते बदलायलाच हवे होते. 1951 च्या मुंबई कायद्यानं वन्य पशुपक्ष्यांना संरक्षण दिलंच होतं. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं. 1991 च्या दुरुस्तीनं उरलीसुरली शिकारही बंद केली. आमच्या वडीलधाऱ्यांनी ते मानलं. नवेगावबांधला माधवराव पाटील डोंगरवारांसारखा जंगलाचा जाणता माणूस राखणीच्या बाजूनं उभा होता, आणि वनाधिकारी म्हणून आलेले मारुती चितमपल्ली तलावावरच्या पाखरांची वही भरत होते. सालिम अलींचाही पाखरांकडे जाणारा रस्ता लहानपणीच्या एअरगननं पाडलेल्या एका चिमणीपासून निघाला. बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंतची ती वाट आमच्या घरांनीही चालली.

शिकार पुन्हा सुरू व्हावी असं आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही. शिशाचे छर्रे तळाशी साचतात आणि वाळूचे खडे समजून बदकं ते गिळतात, ही गोष्ट त्या छपरीत कोणाला ठाऊक नव्हती. आता ठाऊक आहे. पण बंदुका थांबल्या तरी पाखरं परत आली नाहीत, हे दुःख मोठं आहे. मालगुजारी तलाव गाळानं भरले, पारीला बेशरम माजली, बांध्यांत औषधांची फवारणी आली. सारस पूर्वी जोडीजोडीनं धानात दिसायचा. आज महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे, आणि तोही काही डझन. आपल्या तहसिलीतल्या कोणत्या बोडीत कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात उतरायचं, हे बंदूकवाल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. ती माहिती आमच्या पिढीबरोबर जाऊ नये. ज्यांना आठवतं त्यांनी गावचं, तलावाचं नाव घालून ती लिहून काढावी. तलाव सुधारू पाहणाऱ्या पोरांना तिचा उपयोग आहे.

आणि पिल्लू? आता नागपूर-पुण्याच्या फ्लॅटांत लॅब्राडोर, गोल्डन, कॉकर घरोघर आहेत. आमची नातवंडं फोटो पाठवतात तेव्हा आनंद होतो आणि काळजीही वाटते. या जाती कामासाठी घडवलेल्या आहेत. त्यांना सोफा पुरत नाही. रोज नाकाला काम द्या: गवतात चेंडू लपवा, शोधू द्या, आणून दिल्यावर हात पुढे करून थांबा, हिसकू नका. पाण्याची भीती घालू नका. कान रोज पाहा. आणि पिल्लू घरी येईल त्या दिवशी शेजाऱ्यांना, मित्रांना, पोराबाळांना बोलवा. पाच-सहा घरांचा जिव्हाळा लाभलेलं पिल्लू पुढे माणसांत शहाणं निघतं, असा आमच्या सगळ्या घरांचा अनुभव आहे. बंदूक गेली याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण एका जिवाच्या स्वागताला सगळ्या गोतानं जमायची ती रीत मात्र आपण बंदुकीबरोबर सोडून द्यायला नको होती, आणि ती पुन्हा सुरू करायला कोणत्याही परवान्याची गरज नाही.