मुंज्याला पत्ता असतो

आमच्या परभणीकडच्या भुतांना नियम असतात. मुंज्या पिंपळावर राहणार, हडळीची पावलं उलटी असणार, चकवा शिवारातच गाठणार आणि तांबडं फुटलं की सोडून देणार. आजी हे इतक्या ठामपणे सांगायची की भीतीसुद्धा शिस्तीत वाटायची. मला पुढे जे झालं, त्याला यातला एकही नियम लागू पडला नाही.

मे महिना होता. रात्री बारानंतरही भिंती तापलेल्या, खिडकीत कुलर घरघरत होता. त्या घरघरीत माझं नाव ऐकू यायला लागलं. मग नावापुढे शिवी. वीज गेली, पंखा थांबला, वाळ्यातून पाणी ठिबकायचं राहिलं. शिवी थांबली नाही. दिवसाउजेडी, भाजी घेतानाही ती होतीच. गल्लीचं निदान लगेच झालं: "बाहेरचं हाय, दाखवून आणा." उताऱ्याचा भात आणि लिंबू तिठ्यावर ठेवून झालं. खरं सांगायचं तर तेव्हा वाटलं होतं, असावंच बाहेरचं. बाहेरचं असेल तर कधीतरी परत जाईल.

परत नेलं ते गोळ्यांनी, हळूहळू, जीभ कोरडी पाडत. लिहिणं फार नंतर आलं. वेडाच्या भरात उत्तम लिहून होतं, ही समजूत ज्यांना आजार झालेला नाही त्यांची. त्या दिवसांत मला किराणाची यादीही पुरी करता येत नव्हती.

लिहायला बसल्यावर मात्र भयकथाच सुचली. लायब्ररीतल्या धारप-मतकरींवर वाढलेला माणूस, दुसरं काय सुचणार! पण कारण तेवढंच नव्हतं. आजाराची सरळ हकीकत सांगितली की ऐकणारा हळहळतो, चहा टाकतो. मला त्याची हळहळ नको होती. त्याने घरी जाऊन कुलर लावताना क्षणभर थांबावं, एवढंच हवं होतं. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेने हेच केलं. बाळंतपणानंतर ती खचली, तेव्हा डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिली आणि लेखणीला हात लावू नकोस म्हणून बजावलं. १८९२ साली तिची कथा आली: खोलीत पडून असलेली बाई आणि भिंतीच्या पिवळ्या कागदामागे सरकणारं कुणीतरी. आपल्याकडे जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मध्ये भूत नाही, तरी घराण्यातलं वेड आपल्यातही उतरणार या धास्तीने तो वाडा कुठल्याही झपाटलेल्या वाड्याहून भयाण होतो.

या प्रकारच्या लेखनाला एक जुनी खोड आहे. माडीवरच्या कुलूपबंद खोलीत कुणी वेडी कोंडलेली असते, आणि वाचकाने घाबरायचं ते तिला. माणसाला साखळीने बांधू नये, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहावं लागलं. तेव्हा कुणी कुणाला भ्यायचं? आणि आमच्याच जिल्ह्यात, मानवतला, १९७२ ते ७४ या काळात गुप्तधन आणि मुंज्याच्या नावाने बायकामुलींचे खून पडले. ते करणाऱ्यांच्या कानात कुणी कुजबुजत नव्हतं. बळी कुणाचा, कधी, कशासाठी, याचा हिशेब शुद्धीवर मांडलेला होता. मुंज्याला पत्ता असतो म्हणून मला तो सुखाचा वाटायचा. मानवतनंतर त्या पत्त्यावर जाताना मी जरा जपून जातो.

माझ्या एका कथेत कुलरमधून बोलणारी एक म्हातारी आहे आणि गोळ्या घेणारी एक मास्तरीण. दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा आवडली. बदल एकच सुचवला: शेवटी मास्तरीण वेडी होती, म्हातारी तिच्या डोक्यातच होती, असा उलगडा करा. मी कळवलं, मास्तरीण आजारी आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, लपवलेलं नाही. म्हातारी मात्र खरी राहू द्या.